चवीचा इतिहास आणि अबकारी कायदा : स्कॉच, आयरिश व्हिस्की आणि वर्धा जिल्ह्यातील मोह-शिंदी

प्रस्तावना

मद्याचा इतिहास मराठीत बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग महसुलाचे आणि दुसरे दारूबंदीचे. पहिल्यात आकडे येतात, दुसऱ्यात चळवळी येतात. मात्र पिणाऱ्याच्या जिभेला काय जाणवत होते, हा प्रश्न दोन्हींत उपस्थित होत नाही. चव हा चैनीचा, फार तर पाककलेचा विषय मानला जातो. गेल्या दोन-अडीच दशकांत मुंबई-पुण्याप्रमाणे नागपुरातही एक नवा प्रघात रुळला आहे. चार मित्र कोणाच्या तरी घरी जमतात, एक स्कॉच आणि एक आयरिश अशा दोन बाटल्या उघडतात, अरुंद तोंडाच्या पेल्यांत थोडी थोडी व्हिस्की ओतून आधी वास घेतात, मग पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा वास घेतात आणि तुलना करतात. स्कॉच धुरकट, आयरिश मऊ. स्कॉच दोनदा गाळलेली, आयरिश तीनदा गाळलेली, असे निष्कर्ष साधारणतः निघतात. पाणी, हवा, माती आणि त्या त्या लोकांचा स्वभाव ही कारणेही त्याबरोबर सांगितली जातात.

या दोन पेल्यांतील फरक निसर्गापेक्षा करपद्धतीने अधिक घडविला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्याच जातीच्या करपद्धतीने मध्य प्रांतातील वर्धा जिल्ह्यात मात्र उलटा परिणाम केला. येथील मोहाच्या व शिंदीच्या पेयांना महसुलाचा इतिहास मिळाला, गुन्ह्याचा इतिहास मिळाला, पण चवीचा इतिहास मिळाला नाही. या विधानाच्या पडताळणीसाठी सिंदी (रेल्वे) हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. त्याची कारणे पुढे येतील.

दोन पेल्यांतील फरक

स्कॉटलंडमधील मद्यार्काची सर्वपरिचित जुनी नोंद 1494 ची असून ती राजकोषाच्या हिशेबवहीत आढळते. जॉन कॉर नावाच्या मठवासीयाला ‘जीवनजल’ तयार करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची ती नोंद आहे. व्हिस्कीची पहिली कागदोपत्री खूण हिशेबाच्या वहीतच सापडावी, हे पुढच्या इतिहासाला साजेसे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडमध्ये एक कररेषा आखली. 1784 च्या कायद्याने रेषेच्या उत्तरेचा डोंगराळ प्रदेश आणि दक्षिणेचा सखल प्रदेश यांना वेगवेगळे नियम लावले. सखल प्रदेशात लवकरच प्रत्यक्ष उत्पादनाऐवजी भट्टीच्या भांड्याच्या आकारमानावर परवाना शुल्क बसू लागले. 1786 मध्ये भांड्याच्या दर गॅलनमागे दीड पौंड असलेले हे शुल्क 1797 पर्यंत 54 पौंडांवर गेले. भट्टीवाल्यांनी यावर साधा तोडगा काढला. शुल्क भांड्यावर असेल तर तेच भांडे दिवसातून अधिक वेळा भरावे! त्यांनी रुंद बुडाची उथळ भांडी घडविली आणि पूर्वी ज्या कामाला तासन्‌तास लागत, ते काही मिनिटांत उरकू लागले. अशी घाईने गाळलेली दारू उग्र व करपट लागे. उत्तरेकडे लहान भांड्यांत, मंद आचेवर, बहुतांशी चोरून गाळलेली दारू त्यामुळे अधिक चांगली ठरली. ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातील अवैध व्हिस्कीचा लौकिक असा वाढला की, 1822 मध्ये एडिंबरोच्या भेटीवर आलेल्या चौथ्या जॉर्ज राजाने तिचीच मागणी केली, असे एलिझाबेथ ग्रँट हिने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1823 मध्ये, नवा अबकारी कायदा आला. कर निम्म्याहून कमी झाला आणि दहा पौंडांत परवाना मिळू लागला. 1824 मध्ये त्याच खोऱ्यातील जॉर्ज स्मिथ याने परवाना घेतला. ‘हायलँड’ या शब्दाला आज जे चवीचे वजन आहे, त्याच्या मुळाशी ही कररेषा आहे.

आयर्लंडमध्ये कायद्याने वेगळे वळण घेतले. 1779 च्या कायद्याने भांडे महिन्यातून अमुक वेळा भरले जाते असे गृहीत धरून कर आकारला आणि लहान भट्ट्यांना जागाच ठेवली नाही. हजाराहून अधिक असलेल्या परवानाधारक भट्ट्या पुढच्या चाळीस वर्षांत चाळीसच्या आत आल्या. ज्या टिकल्या, त्या अवाढव्य झाल्या. कॉर्कजवळील मिडलटन येथे 1825 साली बसविलेल्या तांब्याच्या भांड्यात 31 हजारांहून अधिक गॅलन द्रव मावत असे. कर भरायचा तो मोड आणून वाळवलेल्या सातूवर, म्हणजे माल्टवर. 1785 च्या या माल्टकरामुळे मोड न आणलेले सातू मिश्रणात घालण्याच्या पद्धतीला आयर्लंडमध्ये जोर आला. जाणकार ज्याला आयरिश ‘पॉट स्टिल’ची तेलकट, मसालेदार चव म्हणतात, ती या कच्च्या सातूची होय. तीनदा गाळण्याची पद्धत डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी प्रतिष्ठित केली. ती आयर्लंडची जन्मजात खूण नाही. स्कॉटलंडच्या सखल भागातील ऑकेन्टॉशन आजही तीनदा गाळते, तर आयर्लंडची कॉनेमारा दोनदा गाळलेली आणि पीटच्या धुराची आहे. मित्रमंडळींच्या बैठकीतील पहिला निष्कर्ष या दोन बाटल्यांनीच खोटा ठरावा.

यासंदर्भात एका उपकरणाचा उल्लेख आवश्यक आहे. गाळलेली धार ज्या काचेच्या पितळी पेटीतून वाहते, तिला कुलूप असे आणि त्याची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे राही. धारेचा पहिला व शेवटचा भाग बाजूला काढून मधला कोठे तोडायचा, हा चवीचा सर्वांत नाजूक निर्णय भट्टीवाल्याला काचेबाहेरून, घनतामापकाच्या आधारे आणि डोळ्यांनी पाहून घ्यावा लागे. व्हिस्की घडविणाऱ्याला ती घडताना चाखण्याची मुभा नव्हती.

अबकारी अधिकाऱ्याचे यंत्र

स्कॉच पुढे गेली आणि आयरिश मागे पडली, याचे श्रेय किंवा दोष ज्याला द्यावा, तो एनिअस कॉफी हा आयर्लंडमधील अबकारी खात्याचा महानिरीक्षक होता. 1824 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि 1830 मध्ये अखंड चालणाऱ्या दोन स्तंभांच्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रातून कोणत्याही धान्याचा जवळजवळ निर्गंध मद्यार्क स्वस्तात आणि न थांबता निघे. डब्लिनच्या घराण्यांनी त्याला व्हिस्की मानण्यास नकार दिला. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वीकारले आणि 1860 च्या कायद्याने करभरणीपूर्वी गोदामातच मिश्रण करण्याची सवलत मिळताच धान्याचा सौम्य मद्यार्क व डोंगराळ भागातील माल्ट यांचे मिश्रण बाजारात आणले. जगाने पुढे ‘स्कॉच’ म्हणून ओळखली, ती हीच. 1870 च्या दशकाच्या अखेरीस डब्लिनच्या चार घराण्यांनी या मिश्रणाविरुद्ध एक पुस्तक प्रसिद्ध केले. 1905-06 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात व्हिस्की म्हणजे काय, या प्रश्नावर खटले झाले. 1908 मध्ये शाही आयोग बसला आणि 1909 मध्ये दोन्ही पेये व्हिस्कीच होत, असा निर्वाळा त्याने दिला.

आयर्लंडच्या घसरणीची कारणे अनेक आहेत. फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या 1838 पासूनच्या मद्यत्याग चळवळीने काही वर्षांतच तेथील करपात्र मद्याचा खप निम्म्याहून खाली आणला होता. 1920 ते 1933 या काळातील अमेरिकेतील दारूबंदी आणि 1932 ते 1938 मधील ब्रिटनशी झालेले व्यापारयुद्ध यांनी उरलीसुरली बाजारपेठ घालविली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच भट्ट्या चालू होत्या. विशेष म्हणजे मित्रमंडळीत आयरिश म्हणून बहुधा जी बाटली उघडली जाते, त्या जेमसनमध्येही आज स्तंभयंत्रातून काढलेला धान्याचा मद्यार्क असतो. जेमसन घराण्याने ज्याविरुद्ध लेखणी उचलली, तेच त्याच्या बाटलीत आले. इंग्रजीत या दोन पेयांच्या नावांत एका अक्षराचा फरक करतात आणि त्यावर पुष्कळ वाद घालतात. देवनागरीत ‘व्हिस्की’ एकच आहे. या बाबतीत आपली लिपी 1909 च्या आयोगाशी सहमत दिसते.

सिंदी गाव आणि शिंदीचे झाड

सिंदी (रेल्वे) हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे. नागपूरपर्यंत हा मार्ग 1867 मध्ये पोहोचला. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा त्याआधी पाच वर्षे, 1862 मध्ये, झाला होता. सिंदी हे रानखजुराच्या झाडाचेही वऱ्हाडी नाव आहे. प्रमाण मराठीत त्याला शिंदी म्हणतात. त्याच्या खोडाला चीर देऊन रात्रभर मडक्यात जमा होणारा रस पहाटे गोड असतो, ती नीरा. ऊन चढताच तो आंबू लागतो आणि दुपारपर्यंत त्याची मादक शिंदी होते. म्हणजे एकच रस सकाळी एका कायद्यात आणि दुपारी दुसऱ्या कायद्यात बसतो. असे घड्याळावर चालणारे पेय ब्रिटिश अबकारीच्या रकान्यांत बसविणे सोपे नव्हते.

शिंदीपेक्षा मोहाचा प्रश्न मोठा होता. मोहाचे वाळवलेले फूल हे अन्नही आहे आणि मद्याचा कच्चा मालही. टंचाईच्या दिवसांत आदिवासी कुटुंबे त्यावर गुजराण करीत. गोंड समाजात जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी मोहाची दारू लागे. तिचे पहिले थेंब देवाला व पूर्वजांना देऊन मग ती पानाच्या द्रोणातून सर्वांनी घ्यावी, अशी रीत होती. चार जणांनी एकत्र बसून चाखणे या अर्थाने पाहिले, तर नागपुरातील आजची बैठक आणि ही रीत यांत दिसते तेवढे अंतर नाही.

मध्य प्रांतात सुरुवातीला गावोगावच्या भट्ट्यांचे हक्क लिलावाने दिले जात. पुढे सरकारने टप्प्याटप्प्याने उत्पादन मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणले, ठरावीक तीव्रतेची दारू ठेकेदारामार्फत दुकानांना पुरविण्याची व्यवस्था केली आणि घरगुती गाळणी हा अपराध ठरविला. परंपरेने हा व्यवसाय करणाऱ्या कलार समाजातील पुष्कळ कुटुंबे शेती, सावकारी व व्यापाराकडे वळली. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात दारूबरोबर मोहाचे फूल बाळगण्यावरही निर्बंध घातले. सातू बाळगला म्हणून स्कॉटिश शेतकऱ्याला कोणी पकडल्याचे उदाहरण नाही. तेथे कायद्याने दारूवर कर बसविला. येथे कायदा झाडापर्यंत गेला.

दोन्हीकडच्या परिस्थितीतील कळीचा फरक येथे आहे. 1823 मध्ये स्कॉटलंडमधील लहान, अवैध गाळणाऱ्याला दहा पौंडांत वैध होण्याचा दरवाजा उघडला गेला. त्याची चव त्याच्या बरोबर कायद्याच्या आत आली. तिला नाव, पत्ता आणि पुढे किंमत मिळाली. मध्य प्रांतात असा दरवाजा लहान गाळणाऱ्यासाठी उघडला नाही. ठेक्याची दारू एकसारख्या तीव्रतेची आणि कोणत्याही गावची नव्हे अशी झाली. अबकारीच्या दप्तरात गॅलन सापडतात, तीव्रतेचे अंश सापडतात, लिलावाच्या रकमा सापडतात. अमुक गावची धार तमुक गावच्या धारेहून कशी वेगळी, याची नोंद करण्याचे त्या दप्तराला कारण नव्हते. भाषेने मात्र ते काम थोडेबहुत केले. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत आज अस्सलपणासाठी व जहालपणासाठी सर्रास वापरला जातो. गोव्यात काजूच्या पहिल्या गाळणीला उर्राक आणि पुढच्या गाळणीला फेणी म्हणतात. ही शब्दसंपदा स्कॉटिश भट्टीवाल्यांच्या परिभाषेहून कमी सूक्ष्म नाही. फरक एवढाच की, ती ग्रंथात गेली नाही.

रेल्वेबरोबर छावण्या आणि नागरी वसाहतींत दुसरे मद्य आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साहेबलोक ब्रँडी आणि पाणी पीत. 1860 नंतर फ्रान्समधील द्राक्षमळे फायलॉक्सेरा या किडीने उद्‌ध्वस्त केले, ब्रँडी महागली आणि तिची जागा मिश्रित स्कॉच व सोडा यांनी घेतली. ‘पेग’ हा माप दाखविणारा शब्द अँग्लो-इंडियन बोलीतून मराठीत स्थिरावला, तो याच सुमारास. पुढे अबकारी परिभाषेत ‘देशी’ आणि ‘विदेशी’ असे दोन वर्ग पक्के झाले. स्वातंत्र्यानंतर ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असा चमत्कारिक शब्दसमूह त्यातून निघाला. मळीच्या मद्यार्कावर सुवास चढवून भारतात भरलेली बाटली विदेशी, आणि त्याच जिल्ह्यातील झाडाच्या फुलाची दारू देशी तर नाहीच, बेकायदा!

मगनवाडीची दुसरी चव

वर्धा जिल्ह्याचा इतिहास येथेच थांबला असता, तर तो इतर जिल्ह्यांसारखा झाला असता. 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडीत आले, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख संघटक होते. 1936 पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. ‘रचनात्मक कार्यक्रम’ या 1941 च्या पुस्तिकेत दारूबंदीचा समावेश आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने मगनवाडीचे ताडगुळाचे प्रयोग दुर्लक्षित राहिले. शिंदी-ताडाचा रस आंबण्यापूर्वीच उकळून त्याचा गूळ करावा, म्हणजे झाड राहील, रस काढणाऱ्याचा धंदा राहील आणि दारू राहणार नाही, असा हा विचार होता. चवीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. दारूबंदीच्या बहुतेक योजना पिणाऱ्याच्या जिभेला केवळ नकार देतात. या योजनेने जिभेपुढे दुसरा पदार्थ ठेवला आणि झाडावर चढणाऱ्या माणसाचे कसब मान्य केले. ताडगुळाची चव ऊसगुळाला टक्कर देऊ शकली नाही, ही बाजारातील हार होय, विचारातील नव्हे.

1937 च्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडात 1938 चा दारूबंदी कायदा केला. 1956 मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. राज्यात 1960 च्या दशकात बंदी सैल होत गेली व परवान्यांची पद्धत वाढली. वर्धा जिल्हा मात्र गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून 1970 च्या दशकाच्या मध्यापासून संपूर्ण दारूबंदीचा राहिला. गडचिरोली 1993 मध्ये आणि चंद्रपूर 2015 मध्ये या यादीत आले. चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठविण्यात आली. सिंदीहून नागपूर जिल्ह्याची हद्द जवळ आहे, आणि हद्दीपलीकडे जे परवान्याने मिळते, ते अलीकडे गुन्हा ठरते. सिंदीजवळ नियोजिलेल्या मालवाहतूक केंद्राला ‘ड्राय पोर्ट’ हे नाव पडले, तेव्हा जिल्ह्यात त्यावर विनोद झाले नसतील तरच नवल.

बंदीची बाजू येथे हलकी लेखण्याचे कारण नाही. गावोगावच्या स्त्रियांनी दारूविरुद्ध दिलेल्या लढ्यामागे मारहाण, कर्ज आणि उपाशी मुले यांचा अनुभव होता. डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीत आणि जून 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने अनेक माणसे मेली. मालवणीतील बळींची संख्या शंभरावर गेली. मात्र ही दारू मोहाची किंवा शिंदीची नव्हती. चवीची आणि कसबाची साखळी तुटल्यावर उरलेल्या जागेत आलेले ते रसायन होते. जुने पेय निर्दोष होते असे यातून सिद्ध होत नाही. ‘हातभट्टी’ या एका शब्दाखाली किती भिन्न वस्तू दडपल्या गेल्या, हे मात्र दिसते.

जाणकार ग्राहकाची कायदेशीर ओळख

महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि तो देशी व विदेशी मद्यासाठी वेगवेगळा असतो. पिणाऱ्यांचे असे दोन वर्ग करण्याची दृष्टी सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या एका निकालात अधिक स्पष्ट दिसते. खोडे डिस्टिलरीज या बंगळूरच्या कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’ या नावाला स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतली होती. असोसिएशन विलंबाने न्यायालयात आली, हे निकालाचे एक प्रमुख कारण होते. दुसरे कारण अधिक लक्षणीय आहे : स्कॉच विकत घेणारा वर्ग सुशिक्षित असून त्याला पैशाचे मोल व मद्याची प्रत कळते, त्यामुळे नावातील साम्याने तो फसणार नाही, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. जाणकारी ही येथे एका वर्गाचा गुण म्हणून न्यायनिर्णयात नोंदली गेली. मोहाची धार नखावर घेऊन, काडी पेटवून पारखणाऱ्या माणसाच्या जाणकारीला असा दाखला मिळण्याचा प्रसंग आला नाही. न्यायालयात तो आरोपी म्हणूनच उभा राहिला.

हे अटळ नव्हते, याचा पुरावा गोव्यात आहे. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. निर्देशांकासाठी अर्ज करताना पद्धत, भांडी, तीव्रता आणि गंध यांचे लेखी वर्णन द्यावे लागते; म्हणजे चव कागदावर यावी लागते. मध्य प्रदेशाने 2022 च्या सुमारास मोहाच्या दारूसाठी वारसा मद्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील निर्बंध सैल केले, पण गाळणीचा प्रश्न तेथे आला नाही. दरम्यान जुलै 2025 मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील 150 टक्के आयातशुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. नागपुरातील बैठकीत स्कॉचची बाटली त्यामुळे स्वस्त होईल. करपद्धती पुन्हा एकदा चवीच्या आधी पोहोचली आहे.

वर्धा जिल्ह्यात मोह वा शिंदीचे मद्य तयार करून त्याचे वर्णन लिहिणे कायद्याने शक्य नाही, आणि बंदी असेपर्यंत तसे करण्याची मागणीही या निबंधाची नाही. पण स्मृतीवर बंदी नाही. सेलू आणि आर्वी तालुक्यांतील गावांत कोणत्या मोहाचे फूल चांगले मानत, ते किती दिवस भिजवीत, मडक्याला कोणता लेप देत, शिंदीचा रस उतरल्यावर कोणत्या प्रहराला त्याला काय म्हणत, पाहुण्याला कोणती धार देत आणि घरात कोणती ठेवीत, हे मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविता येते. बंदीपूर्व काळात प्रौढ असलेली, म्हणजे ही माहिती ऐकीव नव्हे तर अनुभवाने सांगू शकणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.